फिक्या गालांची दृष्ट

आज हळदीकुंकवाला शेजारच्या काकू वहिनीला म्हणाल्या, "चेहरा किती उतरलाय गं तुझा!" वहिनी नुसती हसली, आणि मला मात्र बरं वाटलं.

गेल्या संक्रांतीला याच काकूंनी तिच्या लालबुंद गालांचं कौतुक केलं होतं. आईनं तर मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली होती. तेव्हा आंघोळ केली की वहिनीच्या अंगाला खाज सुटायची. आम्ही साबण बदलले, डाळीचं पीठ लावून पाहिलं, पाण्यात कडुलिंबाचा पाला उकळला. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "आंघोळीनंतरच खाजतं का?" आणि तिचं रक्त तपासायला पाठवलं. रक्तात तांबड्या पेशी नको तितक्या वाढत होत्या. क्वचित कुणाला होणारा, सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर होता तो. आता औषधं चालू आहेत, आणि त्या वाढलेल्या पेशी कमी व्हाव्यात म्हणून अधूनमधून तिचं थोडं रक्त काढून टाकतात.

आजारी माणूस फिकं दिसतं, असं आपण धरूनच चालतो. हा आजार गालांवर लाली घेऊन आला, तर आम्ही त्याचीच दृष्ट काढली. वहिनी रोज सांगत होती, आणि आम्ही साबणाच्या वड्या हुंगत बसलो होतो.

बायका गेल्यावर मी मीठमोहऱ्या मुठीत घेतल्या आणि वहिनीला समोर बसवलं. आज तिचे गाल छान फिके दिसत होते.