वीणा हातात असताना

कराडच्या स्टँडवरून सोलापूरची गाडी सुटली तेव्हा ऊन अजून चढायचं होतं. बीडकडची माणसं मी नोकरीत असताना दर हंगामात पाहिली. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या (मजुरांचे गट) आमच्या भागात उतरत आणि त्यांच्या मुलांची शाळा मी फडाजवळच भरवत असे. पण ती माणसं जिथून येतात ते गाव कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर एक दिवस त्या टोळ्यांतल्याच लिंबाजींच्या मुलीचा फोन आला. माझी ती विद्यार्थिनी आता परळीला नर्स आहे. चैत्रात आमच्या वाडीत सप्ताह असतो, बाईंना बोलव असं आई-बापू सारखे म्हणतात, असं तिनं सांगितलं. मी पिशवी भरली.

केजहून जीपनं निघाल्यावर बालाघाटाचे उघडे माळ लागले. सीताफळीच्या झुडपांवर एक पान नव्हतं, मधूनच एखादा मोहरलेला कडुनिंब. जीपवाल्यानं मला एक फाटा आधीच उतरवून दिलं आणि हे कळेपर्यंत जीप नांदूरघाटाकडे निघूनही गेली होती. शेवटी एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर, रिकाम्या किटल्यांच्या मध्ये अंग चोरून बसून मी वाडीत पोचले.

लिंबाजींची बायको गयाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पायावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "आमी आपलं बोलावलं, आन् तुमी खरंच आलात." ज्वारीची भाकरी, येसर (भाजलेलं धान्य आणि मसाल्यांची पूड) घातलेली झणझणीत आमटी आणि फोडलेला कांदा, असं जेवण झालं. मी घाम पुसत जेवत होते आणि त्या वाढत होत्या.

लिंबाजी मला आठवत होते ते फडावरचे. ट्रॅक्टरवाला ओरडला की मान खाली घालून ऐकून घेणारे. मुलीला सोडायला येत, पण आत या म्हटलं तरी शाळेच्या दारातच थांबत. सज्जन माणूस, पण थोडा भित्रा, असं माझं मत होतं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात गेले. सप्ताहभर इथे वीणा अखंड उभी असते. ती जमिनीला टेकवायची नाही, पहारा (वीणा धरण्याची पाळी) संपला की पुढच्याच्या हातात द्यायची. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. वय, जात, जमीन कुणी पाहत नाही. गावातला सगळ्यात मोठा बागायतदार लिंबाजींच्या पायांवर वाकलेला मी पाहिला. लिंबाजीही त्याच्यापुढे वाकले, पण त्यात दबल्यासारखं काही नव्हतं. पुढच्या पाळीला आलेल्या एका सालगड्यापुढे ते तेवढेच वाकले.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. मांडव गच्च भरला होता आणि पहारा लिंबाजींचा होता. कीर्तन रंगात आलं असताना बाहेर गाड्या थांबल्या. तालुक्यातले एक पुढारी आले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्यासाठी खुर्ची हवी होती आणि ती अगदी पुढेच हवी होती. बरोबरच्या एका दांडग्या कार्यकर्त्यानं लिंबाजींच्या खांद्याला हात घातला. "सरक बे म्हाताऱ्या," म्हणत त्यानं ढकललं. वीणेचा दांडा मांडवाच्या खांबावर आपटला आणि एक तार तुटली.

कीर्तन थांबलं. पुरुष उठून उभे राहिले, दोघातिघांनी बाजूचे बांबू उपसले. गावात दोन गट आहेत हे मला जेवतानाच कळलं होतं आणि आता काय होणार ते दिसतच होतं. मी गयाबाईंचा हात धरला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

लिंबाजींनी आधी तारेवरून बोट फिरवलं. मग अण्णांकडे पाहिलं. आवाज शाळेच्या दारात असायचा तेवढाच.

"अण्णा, ही जागा माझी न्हाई, वीणेची हाय. तिला सोडून मला सरकता येत न्हाई. तुमी धरा थोडा वेळ. मग जागा तुमचीच."

आणि वीणा छातीशी धरून ते अण्णांच्या पायांवर वाकले.

अण्णांनी बूट काढले, गळ्यातला हार उतरवला. मग ते गुडघ्यावर हात टेकत, जड अंगानं लिंबाजींच्या पायांपर्यंत वाकले. वीणा घेतली आणि उभे राहिले. बांबू हळूहळू खाली आले.

मला वाटलं, फोटोपुरतं धरतील. पण काल्याची हंडी फुटेपर्यंत अण्णा उभे होते. सदरा घामानं पाठीला चिकटला. भाषण झालंच नाही. लिंबाजी मागे, बायकांच्या रांगेपाशी बसून टाळ्या वाजवत होते. वीणा परत देताना अण्णा बराच वेळ खाली वाकून काही बोलले. काय बोलले, ते लिंबाजींनी मला सांगितलं नाही.

पंगतीत तो कार्यकर्ता खाली मान घालून बसला होता. लिंबाजींनी त्याच्या पानात बुंदी वाढली, त्यानं नको म्हणून हात आडवा धरला तरी वाढली.

जेवणं उरकल्यावर कडुनिंबाखाली बसलो असताना मी विचारलं, राग आला नव्हता का.

"आलता की. लई आलता," लिंबाजी म्हणाले. "पन हातात वीणा व्हती, बाई. मारायला दुसरे हात कुठून आनू?"

फडावर तर वीणा नसते, मी म्हटलं.

"तिथं बी हाय असं धरून चालतो. न्हाईतर दिस निघत न्हाई."

गयाबाईंनी मध्येच सांगितलं की एकदा मुकादमानं टोळीतल्या बाईवर हात उगारला, तेव्हा हेच दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहिले होते. मुकादम हात खाली घेईपर्यंत हलले नाहीत. लिंबाजींना ते आवडलं नसावं. पाणी आणतो म्हणून ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी निघाले. वाटेत तेच मनात घोळत होतं. लिंबाजींनी जागा सोडली नाही आणि धरूनही ठेवली नाही. आम्ही शाळेत मुलांना नम्रता शिकवली ती हात जोडण्याची. एवढी ताकद लागणारी नम्रता मी पहिल्यांदाच पाहिली होती.

सोलापूरला कराडच्या गाडीत चढले तर माझ्या आरक्षित जागेवर एक जण बसलेला. मी तिकीट दाखवलं, तो वाद घालायला लागला, माझाही आवाज चढला. कंडक्टरनं त्याला उठवलं. मी बसले. तो दांडी धरून शेजारी उभा राहिला, दुसऱ्या हातातल्या जड पिशवीनं त्याचा खांदा ओढला जात होता. शहर मागे पडेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले. मग हात पुढे केला आणि त्याची पिशवी माझ्या मांडीवर घेतली. तेवढंच मला जमलं.