बेर्तोदादाच्या कोरोलातला डिस्प्ले

याउको गावात एरिबेर्तो कोलोनला सगळे बेर्तो म्हणत, मी दादा म्हणे. तो माझा मावसभाऊ. त्याचं गॅरेज आणि माझी गाड्या रंगवायची शेड यांच्यात पत्र्याची एक भिंत. शर्यतीच्या जुन्या कोरोला घेऊन पार पोन्से शहरापासून पोरं त्याच्याकडे येत. दादा बॉनेटवर वाकून डोळे मिटायचा आणि सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय." नेमकं तेच निघायचं.

पण चाळीस वर्षं उघड्या सायलेन्सरशेजारी उभं राहून त्याचे कान गेले. त्यानं कुणाला कळू दिलं नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघून हसायचा, मान डोलवायचा.

आंखेल हा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. पाच वर्षं खपून त्यानं एक इंजिन बांधलं होतं. त्याच्या गाडीवर वाकून दादा म्हणाला, "झकास आहे, पळव." सालिनासच्या शर्यतीच्या ट्रॅकवर अर्ध्या वाटेतच पिस्टन वितळला. आंखेलला खरचटलंही नाही. तो भांडलाही नाही, नुसता म्हणाला, "बेर्तोकाका, खडखड तर मलासुद्धा ऐकू येत होती हो."

त्या दिवसापासून दादाकडे येणारे कमी झाले.

मिग्दालियावहिनी लग्नाआधी रेडिओ दुरुस्त करायची, तारांची तिला भीती नव्हती. तिनं सात इंची डिजिटल डिस्प्ले मागवला आणि दादाच्या स्वतःच्या ब्याऐंशी सालच्या कोरोलात गुपचूप बसवला. ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, इंजिनातली खडखड, सगळं पडद्यावर आकड्यांत.

दादानं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "गावभर दवंडी पिटायची होती तर तशी पिटायचीस. हे कशाला लावलंस?"

"गावाला केव्हाच कळलंय, बेर्तो," वहिनी त्याच्यासमोर उभी राहून सावकाश म्हणाली. "तुला तेवढं कळायचं राहिलंय."

आठवडाभर त्यानं पडद्यावर फडकं टाकून ठेवलं. एक दिवस मात्र माझ्या देखतच तिला म्हणाला, "ते धोक्याला पीं-पीं वाजतं म्हणतेस, ते मला काय कामाचं? दिवा लाव. मोठा, लाल."

वहिनीनं लावला. मग ती गिऱ्हाइकांच्या गाड्यांतही डिस्प्ले बसवायची, आकडे वाचून बोटांवर दाखवायची, दादा स्क्रू फिरवायचा. पोरं परत येऊ लागली, पण आता ती विचारत, "काकू आहेत का?" दादा वहिनीकडे बोट दाखवून बाजूला व्हायचा. दोन वर्षं असं चाललं. एप्रिलमध्ये झोपेतच त्याचं हृदय थांबलं.

कोरोला विकत घ्यायला आंखेलच आला. इंजिन कसं चाललंय त्याची नोंद डिस्प्लेत राहते, ती बघायला त्यानं लॅपटॉप जोडला. वहिनी शेजारी, मी दारात.

"काकू, ही गाडी हलतच नव्हती का?" आंखेल म्हणाला. "रोज सकाळी सहाला इंजिन सुरू झालंय. अर्धा तास नुसतं न्यूट्रलवर रेस दिलीय. मग बंद. वर्षभर हेच."

वहिनीनं खुर्चीची पाठ धरली. "सहाला तो फिरायला जायचा. निदान मला तसं सांगायचा. घरापर्यंत गॅरेजचा आवाज कुठला येतोय."

आंखेलनं लॅपटॉप मिटला.

"काय करत असेल रे तो तिथं?" तिनं मला विचारलं.

"बघत असेल, वहिनी. एखाद्या दिवशी ऐकू येतंय का."

"मला हाक मारायची होती ना. काही ऐकू आलं नसतं, पण मी शेजारी बसले असते." एवढं बोलून ती रडली. मातीच्या वेळीही तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

त्या दिवशी तिनं गाडी दिली नाही. तीन महिने कोरोला गॅरेजच्या दारातच उभी होती. समुद्राचा खारा वारा तिचा पत्रा खायला लागला, तेव्हा तिनंच आंखेलला बोलावलं.

"जुन्या नोंदी ठेवू का?" त्यानं विचारलं.

"पूस," वहिनी म्हणाली. "तुझं इंजिन कसं चालतंय ते दिसू दे त्यात."

तो गाडी घेऊन गेला. बाहेर दुसरी एक गाडी थांबली होती. वहिनीनं हात पुसले आणि तिचं बॉनेट उघडलं.