अध्यक्षांच्या फोटोखालचं बटण

बोरिवलीच्या एका संस्थेत मी शाळा सुटलेल्या बायकांना दहावीचं मराठी शिकवायचे. आठवड्यातून एक वर्ग, बाकी सगळं संस्थेच्या वेबसाइटवर. वर्गात गोराईची एक मावशी होती, मासळी विकणारी, पन्नाशी ओलांडलेली, घरात एकटी; जवळचा म्हणावा असा एक भाऊ, तोही दूर गावी.

एका शनिवारी ती आली ती फणफणतच. "टीचर, निबंध मी फोनवर लिहिला. आणि हे संस्थावाले म्हणतात दिलाच नाही! परीक्षेला बसू देणार नाहीत."

मी तिचा फोन उघडला. निबंध होता, अख्खा. त्याखाली 'सेव्ह'चं लालभडक बटण. ते तिनं दाबलं होतं. त्याखाली अध्यक्षांचा मोठा फोटो, मग कुठल्याशा उद्घाटनाचे आपोआप सरकणारे फोटो, मग सूचना आणि पार तळाशी करड्या, बारीक इंग्रजी अक्षरांत 'सबमिट'. ते कुणाला दिसणार?

मी तडक कार्यालयात गेले. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "बाकीच्यांना जमतं ना?"

"त्यांची मुलं दाबून देतात, सर. हिच्याकडे कोण आहे?"

"मग आपण एक ट्रेनिंग ठेवू."

माझं डोकंच फिरलं. एक बटण सापडायला ट्रेनिंग?

साइट बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस साकीनाक्याला होतं. पुढच्या आठवड्यात मावशीला घेऊन मी तिथं धडकले. तिथला माणूस म्हणाला, "साइट झकास आहे, मॅडम. क्लायंटने मागितलं तेच दिलंय."

मावशीनं फोन त्याच्यापुढे धरला. "माझा आजचा धडा कुठंय? तूच दाखव रे."

त्यानं मेनू उघडला, त्यातला दुसरा मेनू उघडला, 'संसाधने'मध्ये शिरला, मागे आला आणि शेवटी देणगीच्या पानावर पोचला. त्याला हसू आलं.

"हसतोस काय? माझं वर्ष गेलं ना यात!"

त्यानं खुर्ची ओढली. मग तिला म्हणाला, "बसा. तुम्हाला काय काय लागतं ते सांगा."

पान बदललं. उघडलं की आता तीनच गोष्टी दिसतात: आजचा धडा, स्वाध्याय, शंका विचारा. लिहिलेल्या मजकुराच्या लगेच खाली, मराठीत, ठळक 'जमा करा'. मेनू गेला. अध्यक्षांचा फोटो वेगळ्या पानावर हलवायला मात्र संस्थेत दोन बैठका झाल्या. मावशीच्या निबंधासाठी एकही नाही. मी अर्ज केला, भांडले. "नियम म्हणजे नियम," एवढंच उत्तर मिळालं.

पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसली आणि पास झाली. निकालाच्या दिवशी जेट्टीवरून तिचा फोन आला. मी अभिनंदन म्हटलं.

"ते गेल्या वर्षीच म्हणायचं होतं, टीचर," ती म्हणाली. "भाऊ जिवंत होता तेव्हा माझा."