बाहीतले तीन पिवळे टाके

आधीच सांगते, असल्या गोष्टी लिहिणाऱ्यांची मी भर सभेत उलटतपासणी घेतलेली आहे. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटतच मी मोठी झाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, बंगळूरच्या यशवंतपूरला कारखान्यांच्या गेटवर उभे राहायचे आणि मागे गठ्ठा धरून मी. त्यामुळे हे इथे टाकताना लाज वाटतेय... पण जे झालं ते झालं.

अक्का ही अण्णांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. सव्वीस वर्षं तिने एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात शिवणकाम केलं. तिथे अख्खा कोट कुणीच शिवत नाही — एक बाई कॉलर, दुसरी खिसे. अक्काकडे बाह्या. कोट पॅरिसला जायचे. तिने मशीनसमोर कॅलेंडरमधलं एक चित्र चिकटवलं होतं : नदी, दगडी पूल, काठावर जुन्या पुस्तकांचे हिरवे पेटारे, नुकतेच लागलेले दिवे. निवृत्त झाल्यावर ते चित्र आमच्या भिंतीवर आलं.

मी चिडायचे. तुझ्या बाह्या तिथे जातात, तू नाहीस, याला शोषण म्हणतात, असं ऐकवायचे. एकदा तिने शांतपणे विचारलं, "तुझ्या पत्रकांत पण पॅरिसच असतंय की, त्या बंडवाल्या कामगारांचं. तुझं पॅरिस चालतं आणि माझं नको?"



तिच्या आणखी एका गोष्टीला मी हसले होते. दसऱ्यात, आयुधपूजेला, कारखान्यात मशिनींची पूजा व्हायची. दुसऱ्या दिवशी पहिल्या कोटाच्या उजव्या बाहीत, आतल्या बाजूने, अक्का हळदीत बुडवलेल्या दोऱ्याने हाताने तीन टाके घालायची. सुपरवायझरने पाहिलं असतं तर माल नापास. म्हणून घाई, आणि त्या घाईत मधला टाका दरवर्षी तिरका. ही चोरी तिने फक्त मला सांगितली होती. मी त्याला अंधश्रद्धा म्हणाले होते.

गेल्या वर्षी अक्काला काचबिंदू निघाला, तोही उशिरा. डॉक्टर म्हणाले, जे पाहायचंय ते आताच पाहून घ्या. मी पॅरिसची तिकिटं काढली, व्हिसासाठी अर्ज केला. नकार आला. अर्जदार परत येईल याची खात्री वाटत नाही म्हणे. नवरा नाही, मूल नाही, नावावर घर नाही... म्हणजे या बाईला परत यावंसं वाटेल असं बंगळूरात काहीच नाही? मी तीन पानी निषेधाचं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. तोवर अक्काला फक्त उजेड आणि सावली एवढंच कळू लागलं.

ज्या दिवशी आम्ही तिथे असायला हवं होतं त्या दिवशी, ऑक्टोबरअखेर, माझी मैत्रीण रेवती त्या पुलावर गेली. ती तिथे शिकते. रेवती व्हिडिओ कॉलवर नदी दाखवेल, मी अक्काला वर्णन करून सांगेन, असं ठरलं. बनशंकरीतल्या आमच्या गॅलरीत दुपारचे साडेतीन वाजले होते. कॉल लागला आणि चित्र अडकलं. स्क्रीनवर नुसती एक पुसट दगडी भिंत, मागून रेवतीचा आवाज. मी कॉल कापणार होते.

"स्वल्प थांब," अक्का म्हणाली.

तिचं तोंड फोनकडे नव्हतंच, समोरच्या नारळाकडे होतं.

"रेवती, पूल उतर. डाव्या हाताला पेटारे आहेत. तिसऱ्यापाशी एक म्हातारी बसलीय, राखाडी कोटातली. तिची उजवी बाही आतून बघ."

रेवती चालत गेल्याचं ऐकू आलं. मग ती कुजबुजली — बाई आहेत खऱ्या, पण अनोळखी माणसाची बाही कशी उलटवू, काय सांगू त्यांना?

"सांग, शिवणारी विचारतेय."

थोडं फ्रेंच ऐकू आलं. म्हातारी हसली. मग रेवती एवढंच म्हणाली, "पिवळे टाके आहेत, अक्का. तीन."

फोटो संध्याकाळी आला. मधला टाका तिरका होता.

मी सगळं तपासलं. हिरवे पेटारे कॅलेंडरमध्ये होते, मान्य. पेटाऱ्यांपाशी म्हातारी माणसं असणारच. राखाडी कोट तर कुणाचाही असेल. म्हातारीने तो फार वर्षांपूर्वी जुन्या कपड्यांच्या बाजारात घेतला होता. रेवतीला टाक्यांबद्दल मी कधीच बोलले नव्हते. इथवर येते आणि थांबते.

कॉल संपल्यावर अक्काने चहा मागितला आणि भिंतीवरचं चित्र काढून ठेवायला सांगितलं. का, विचारलं तर म्हणाली, "पाहून झालं. सरी, ठीक आहे, आता त्या व्हिसावाल्यांना एक पत्र टाक. लिही, गेले होते आणि परत पण आले."

आयुष्यभर मी पत्रकं लिहिली. हे पत्र सुरू केलंय... पहिल्या ओळीपुढे जात नाही.