पालेभाजीचं एकच चित्र

स्वयंपाकाच्या मालनमावशींना वाचता येत नाही, म्हणून मी रोजची यादी मोबाइलवरून चित्रांत पाठवू लागले. वांगं, टोमॅटो, गाजर, सगळं सुरळीत चाललं होतं. मोबाइलमध्ये हसऱ्या चेहऱ्यांचे वीस प्रकार आहेत, पालेभाजीला मात्र एकच हिरवं पान. मी मेथी समजून पान पाठवायचे आणि ताटात शेपू यायची. चौथ्या दिवशी ह्यांनी ताट बाजूला सारलं, तेव्हा मी मावशींना जाब विचारला.

“ताई, मेथी, चाकवत, अंबाडी, सगळ्यांना तुमचं पान एकच. मग मी मला आवडते ती करते. मी अडाणी खरी, पण तुमची यादी माझ्याहून अडाणी आहे.”

आता सकाळी मंडईतून मावशी फोनवर भाज्या सांगतात आणि मी मुकाट्याने लिहून घेते. यादी निदान माझ्या अक्षरात असते, एवढंच समाधान.