आप्पांचं कोरं आभाळ

सुरतेतल्या आमच्या कोसाडच्या वसाहतीत हवामान मोबाइलवर बघणारे पुष्कळ आहेत. पण बिबडे घालायचे असले, की बायका हिलाल आप्पांनाच विचारतात. भिजवलेल्या ज्वारीचं पीठ शिजवून ओल्या कापडावर थापायचं, उन्हात कडक वाळवायचं. मध्येच मावठ आलं की सगळ्याला बुरशी येते.

आप्पा मूळचे सातपुड्यातल्या तोरणमाळचे. तरुणपणी तिथल्या विश्रामगृहावर राखणदार होते. हिवाळ्यात पाहुण्यांना सूर्योदय दिसेल की नाही, हे तेच सांगत. "दरीमानं धुकं खाले बसनं, तं दिन कोरा. वर चढाले लागनं, तं घोंगडी काढा," असं त्यांचं अहिराणीतलं शास्त्र. पुढे सुरतेला आले आणि कतारगामच्या लूमवर आयुष्य गेलं. कान गेले, नजर राहिली. आता टोपी मागे सारून गच्चीवर बसतात, पश्चिमेकडे बघत. आज सुरतवर जे आभाळ, ते उद्या तोरणमाळवर, असं ते म्हणतात.

माझी लेक हर्षदा शाळेत जायची तेव्हापासून मी त्यांना विचारत आले. छत्री देऊ का, सहलीला पाठवू का. ते हसायचे. "योगिता, पोर मिठाना खडा शे का? पानीमा इरघयनार नही ती." पण उत्तर नेहमी खरं द्यायचे.

या जानेवारीत हर्षदाला तोरणमाळच्याच आश्रमशाळेत शिक्षिकेची नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिथल्या घाटात धुकं उतरलं, की पुढची गाडी दिसत नाही. लग्नानंतर एकदा गेले होते, तेव्हापासून धास्ती आहे. मी सांगून टाकलं, "आप्पा हो म्हणाले तरच जायचं. नाहीतर शाळेला फोन करून तारीख पुढे घे." खरं तर मला ढगच हवे होते.

रविवारी सकाळी आम्ही दोघी गच्चीवर गेलो. पश्चिमेला विंचरलेल्या केसांसारखे पांढरे धागे पसरले होते.

"आप्पा, हे काय दिसतंय?"

"काही नही. कोरं शे. जाऊ दे पोरले."

"ऐकलंस ना, मम्मी?" हर्षदा म्हणाली. बॅग तिने भरूनच ठेवली होती. दहाच्या बसने ती गेली.

आभाळ कोरं म्हणून मी पीठ शिजवायला घेतलं. दुपारी खाटेवर कापड पसरून थापायला बसले, तर गच्चीवर माझ्या एकटीचीच खाट. आप्पांच्या बायकोची, सुंदरा जिजींची, खाट भिंतीला उभी. जिजी दोरीवरचे कपडे काढायला आल्या होत्या.

"जिजी, तुमची ज्वारी भिजलेली होती ना? घालत नाही का?"

"यासनीच सांगं, आज घालू नको, रातले पानी शे," जिजी सहज बोलून गेल्या. मग त्यांनी पदर तोंडावर धरला.

पिठाच्या हातांनीच मी गच्चीच्या कोपऱ्यात बसलेल्या आप्पांसमोर जाऊन उभी राहिले. मोठ्याने विचारलं, कारण त्यांना कमी ऐकू येतं. "जिजीला खरं, आणि मला खोटं? माझी पोर ढगात पाठवलीत?"

"खरं सांगतू, तं जाऊ देती का तिले?"

"नसतं जाऊ दिलं."

"मंग?"

"ते मी ठरवायचं होतं, आप्पा."

बिबडे गोळा करायला त्यांनी कापडाचं टोक उचललं. मी ते त्यांच्या हातून काढून घेतलं.

हर्षदाला फोन लावला. परत फिर म्हणायचं होतं. ती शांतपणे म्हणाली, "मम्मी, आप्पांनी मला कालच सांगितलंय. आज घाटाखाली शहाद्याला माझ्या मैत्रिणीकडे, स्नेहाकडे थांबणार. सकाळी धुकं खाली बसलं, तरच जीप धरायची. घोंगडीसुद्धा त्यांचीच आणलीय."

म्हणजे तिला ठाऊक होतं. जिजींना ठाऊक होतं. कोरं आभाळ फक्त माझ्यासाठी होतं.

रात्री मावठ आलं. सोमवारी दुपारी हर्षदाचा फोन आला: पोचले, मुलं गोड आहेत, थंडी फार आहे. थोड्या वेळाने आप्पांचा निरोप घेऊन जिजी दारात आल्या. "पोर पोचनी का, इचारी ऱ्हायनात."

"आभाळ बघा म्हणावं. त्यातच दिसेल."

बोलले आणि दार लावून घेतलं.

आता मी पहाटेच गच्चीवर जाते. पश्चिमेकडे बघत उभी राहते. ढग दिसतात, उद्या ते तिच्यावर जाणार एवढंच कळतं. त्यात पाणी आहे की नाही, हे कळत नाही. जिन्यात आप्पांच्या चपला वाजल्या, की मी खाली येते.