कोटावरचं ऊन

माझी थोरली बहीण हट्टी आहे, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. डोक्याला ताप आहे नुसता! कॉम्प्युटरवर ती हजारो पानं रचते आणि वरून ऊन सोडते. किरण पानावर पडला की थोडा उडून दुसरीकडे जातो, थोडा आरपार जातो, उरलेला पान गिळून टाकतं. अगदी तळच्या पानाच्या वाट्याला किती उजेड आला, हा तिचा हिशोब. आई शेजारणींना सांगते, "आमची थोरली शेती करते, पण हाताला माती लागत नाही."

या हिशोबावरून रोपं किती जवळ लावायची ते ठरणार होतं, आणि तो जुळला की कंत्राटावरची ताई नोकरीत कायम होणार होती. पण ग्रीनहाउसमध्ये ढोबळी मिरचीच्या झाडांखाली मोजलेला उजेड तिच्या आकड्यापेक्षा बराच जास्त निघाला.

तिचे साहेब म्हणाले, "एवढं काय त्यात? पानातून आरपार जाणारा उजेड जरा वाढव, जुळेल."

"पान तेवढा उजेड सोडतच नाही, साहेब. तपासलंय मी."

"मग येतो कुठून?"

"तेच बघते," म्हणाली आणि ग्रीनहाउसमध्ये जाऊन मोजणाऱ्यांकडे टक लावून बसली. आत जाताना पांढरा कोट घालायचा, हा साहेबांचा नियम. मोजणारे झाडाशेजारी उकिडवे बसायचे, उजेड मोजायची पट्टी पानांखाली सरकवायचे, आणि कोटावरचं ऊन उडून थेट पट्टीवर! हसावं की रडावं!

ताईनं आईचा काळा रेनकोट चढवला आणि भर दुपारी मिरचीच्या ओळीत पालथं पडून स्वतः मोजलं. मोजलेला आकडा उतरला, पण तिच्या हिशोबाइतका नाही. उरलेला फरक तिचाच होता. कॉम्प्युटरवर तिनं पानं सगळीकडे सारखी पसरली होती. खरी झाडं दोरीला बांधलेली, पानांचे झुपके झालेले, मधे मोकळ्या फटी, त्यांतून ऊन थेट खाली.

मी म्हटलं, "कोटाचं तेवढं सांग ना! स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?" ऐकेल तर शपथ! बैठकीत तिनं दोन्ही सांगितलं.

साहेबांचा चेहरा उतरला. "अहवाल उद्या जायलाच हवा. तो आरपारचा आकडा वाढव आणि सही कर. कायम व्हायचंय ना तुला?"

"व्हायचंय. पण कोटावरचं ऊन पानांच्या नावावर खपवणार नाही."

सही केली नाहीच. कंत्राट संपलं, पुढे वाढवलं नाही. आईनं अबोला धरला. मी साहेबांचा असा उद्धार केला की शेजारीण खिडकीत येऊन उभी राहिली.

आणि ही बया? जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून पानांचे झुपके बांधत बसलेली.

"अगं, आता कोणासाठी?" मी ओरडलेच. "नोकरी गेली ना!"

तिनं मानही वर केली नाही. "नोकरी त्यांची होती, त्यांनी घेतली. चूक माझी आहे. ती तिथं सोडून येणार नाही मी."